डायनिंग प्लॅन घ्यावा की नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलं आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या थीम पार्कच्या डायनिंग प्लॅनबद्दल, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या योजनेबद्दल, माझ्या लेखात फक्त डॉलर मोजले आहेत. सुट्टीत प्रत्येक जेवणाला पाकीट काढावं लागू नये, ही निश्चिंती मोजलीच नाही. क्रेडिट (प्लॅनमध्ये मिळणारी जेवणाची आणि स्नॅकची कुपनं म्हणा) वाया जातात हा बागुलबुवा आहे. तुमच्या ओळखीच्या कुटुंबाला तर प्लॅन ऑफरमध्ये फुकट मिळाला होता. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं, ५ आणि ८ वर्षांची मुलं आणि शाकाहारी सासू-सासरे, सहा रात्रींसाठी जाताय, तर प्लॅन घ्यायचा की नाही.

निश्चिंतीला किंमत असते, हे मान्य. पण ती किती डॉलरला पडते हे कळलं तरच ती घेण्यासारखी आहे का ते ठरवता येईल. म्हणून आधी हिशोबच करू.

करोनामुळे २०२० मध्ये बंद झालेला हा प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. त्याचे दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. डिस्ने डायनिंग प्लॅनमध्ये काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर बसून एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत माणशी एक मग (पेय प्यायचा कप) मिळतो, पण तो हॉटेलात भरून घ्यायचा. पार्कमध्ये त्याचा काही उपयोग नाही. २०२४ चे दर असे होते: क्विक सर्व्हिस मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि मुलांना २३.८३, टेबलवाला प्लॅन मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९. दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या तारखांचे दर टाकून पुढचं गणित पुन्हा करा. पद्धत तीच राहते.

मोठ्यांच्या आणि मुलांच्या दरातला फरक पाहा. सगळी गोम तिथे आहे. 'मूल' म्हणजे ३ ते ९ वर्षं. तीनच्या आतल्याला प्लॅन लागत नाही. ते आईबाबांच्या ताटातून खातं आणि बुफेला त्याचे पैसे पडत नाहीत. दहावं लागलं की मोठ्यांचा पूर्ण दर, मग ते दोन घास खाऊन ताट सरकवणारं का असेना. तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून टेबलवाला प्लॅन रात्रीला २४७.९४ डॉलर होतो, सहा रात्रींचे १४८७.६४. हीच सहल मोठा मुलगा दहा वर्षांचा झाल्यावर केली, तर त्याच दराने रात्रीला ३१२.५३ होतील. एका वाढदिवसामुळे सहा रात्रींत ३८७.५४ डॉलरचा फरक. म्हणून 'अमक्यांना परवडला' हे ऐकलं की पहिला प्रश्न मुलांच्या वयाचा विचारायचा. २०२६ साठी तर डिस्नेने मोठ्यांनी प्लॅनसह पॅकेज (खोली आणि तिकिटं एकत्र) घेतलं की ३ ते ९ वयाच्या मुलांचा प्लॅन मोफत, अशी ऑफर जाहीर केली. त्यात ही रेषा आणखी ठळक होते.

आता मोठ्या माणसाचे ९४.२८ कुठे वसूल होतात ते पाहू. काउंटरवरचं जेवण म्हणजे मुख्य पदार्थ आणि एक पेय. ते करासह साधारण २२ डॉलरचं धरा. स्नॅकचे ७. पेयाचा तो मग सुमारे २२ डॉलरचा, म्हणजे सहा रात्रींत रोजचे ४. झाले ३३. उरलेले ६१ डॉलर रोज टेबलावरच्या एका जेवणातून निघायला हवेत. त्या क्रेडिटमध्ये मुख्य पदार्थ, गोड पदार्थ आणि एक पेय येतं. स्टार्टर येत नाही. स्टेक मागवून सोबत वाइन किंवा कॉकटेल घेणारा माणूस ६१ च्या आसपास सहज पोचतो, कारण २१ वर्षांवरच्यांना पेयात दारूही चालते. शाकाहारी आणि दारू न घेणाऱ्या माणसाचं काय? २४ डॉलरचा मुख्य पदार्थ, ११ चं गोड, ५ चं सरबत किंवा सोडा: ४० डॉलर, करासह ४३ च्या आत. म्हणजे रोज १८-१९ डॉलर कुणाच्याच ताटात न पडता जातात. क्रेडिटची किंमत ठरलेली असते, ताटाची नसते. शाकाहारी माणूस शेजारच्याच्या स्टेकचे पैसे भरतो, असं म्हटलं तरी चालेल.

स्टार्टर येत नाही, हे लोक हमखास विसरतात. अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या सना या रेस्टॉरंटची नान आणि नऊ चटण्यांची 'ब्रेड सर्व्हिस' भारतीय मंडळी आवर्जून मागवतात. पण ती स्टार्टरमध्ये धरतात, त्यामुळे तिचे पैसे वेगळे पडतात. शाकाहारी पदार्थ मिळण्याची अडचण मात्र फारशी नाही. २०१९ पासून मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते. प्रश्न मिळण्याचा नाही, त्यासाठी किती मोजताय याचा आहे.

प्लॅन खरोखर वसूल होतो तो मिकी, गूफी वगैरे पात्रं टेबलापाशी येतात त्या बुफेंमध्ये. शेफ मिकीज किंवा टस्कर हाउससारख्या ठिकाणी एकच टेबल क्रेडिट जातं. शेफ मिकीजच्या रात्रीच्या बुफेला मोठ्यांचे ६६ आणि मुलांचे ४१ डॉलर धरले, तर त्या दिवशी मोठ्यामागे नऊएक डॉलर सुटतात आणि मुलामागे तिसाच्या वर, कारण मुलाचा अख्ख्या दिवसाचा प्लॅनच २९.६९ ला आहे. शिवाय पात्रांना भेटायची रांग वाचते. याउलट सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि कॅलिफोर्निया ग्रिलमध्ये माणशी दोन क्रेडिट जातात. तिथे जायचंच असेल तर रोख पैसे देऊन काय पडेल तेही बघा. बऱ्याचदा दोन क्रेडिटची किंमत ताटापेक्षा जास्त भरते, मुलं सोडून.

तुमच्या चौघांसाठी ढोबळ अंदाज असा: बुफेच्या दिवशी ८०-८५ डॉलरचा फायदा, साध्या टेबलाच्या दिवशी वीसपंचवीसचा तोटा. पण यात स्नॅक आणि पेयाचा मग, दोन्ही पूर्ण किमतीला धरलेत. काउंटरवर बर्फाचं पाणी मोफत मिळत असताना कोण रोज सोडा पितो? मगाची आणि स्नॅकची निम्मीच किंमत धरली, तर सहा रात्रींत तीन पात्र-बुफे झाल्याशिवाय प्लॅन तुमच्या बाजूला झुकत नाही. दोनच होणार असतील तर तो नकोच.

आता निश्चिंतीकडे येऊ. टिप प्लॅनमध्ये नसते (हूप-डी-डूसारखे एखादे डिनर शो सोडले तर). ती ताटाच्या मूळ किमतीवर द्यायची असते. तुमच्या चौघांचं बुफेचं बिल वरच्या भावाने २१४ डॉलर. १८ टक्के म्हणजे साडेअडतीस. पाकीट निघतंच, फक्त रक्कम लहान होते. आणि वेळेचं काय? टेबलावरच्या जेवणाला तास-दीड तास जातो, शिवाय तिथे पोचायचं, शिवाय आरक्षणाची वेळ पाळायची. पाच वर्षांचं मूल संध्याकाळी सातला झोपेने पेंगत असतं आणि तुमचं आरक्षण साडेसातचं असतं. प्लॅन नसला तर तुम्ही ते रद्द करून खोलीवर जाल. प्लॅन असला की 'क्रेडिट फुकट जाईल' म्हणून त्याला ओढत न्याल. बऱ्याच टेबल रेस्टॉरंट्समध्ये न कळवता गैरहजर राहिलं की माणशी १० डॉलर कापतात. काही कुटुंबांना रोज संध्याकाळी थंड जागी बसून जेवणं हीच सुट्टी वाटते. त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी फक्त ती निश्चिंती कितीला पडली ते ठाऊक असून घ्यावी.

क्रेडिट वाया जाणं बागुलबुवा वाटतं, कारण ते शेवटच्या दिवशीच दिसतं. क्रेडिट दिवसांवर नाही, रात्रींवर मिळतात. सहा रात्रींची सहल सात दिवसांची असली तरी टेबल क्रेडिट माणशी सहाच. सगळी क्रेडिट हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री संपतात. परतीच्या दिवशी सकाळीच विमान असेल, एखाद्या दिवशी मुलं तापली असतील किंवा पावसामुळे बेत बदलला असेल, तर माणशी एकेक टेबल क्रेडिट सहज उरतं. मग लोक उरलेल्या स्नॅक क्रेडिटवर हॉटेलच्या दुकानातून बिस्किटं आणि चॉकलेटं भरून घेतात आणि प्लॅन पुरेपूर वापरला असं सांगतात. स्नॅक क्रेडिटवर पाण्याची बाटली घेणारेही असतात. सात-आठ डॉलरचा पदार्थ मिळू शकत असताना चारच्या आतबाहेरची बाटली घेणं म्हणजे क्रेडिट अर्धं टाकणंच.

'फुकट' प्लॅनचं उत्तर सोपं आहे. अशा ऑफरमध्ये बहुधा खोलीचा पूर्ण दर आणि ठरावीक दिवसांची तिकिटं घ्यावी लागतात, आणि त्याच तारखांना खोलीवर असलेली सवलत त्याबरोबर मिळत नाही. तेव्हा खोलीवरची जी सवलत सोडावी लागली, ती त्या प्लॅनची किंमत. एकाच तारखांचे दोन्ही दर काढा आणि फरकाला रात्रींनी भागा. साध्या हॉटेलात, मुलं लहान असतील, तर ऑफर अनेकदा खरंच स्वस्त पडते. महागड्या हॉटेलात खोलीवरची सवलतच मोठी असते, तिथे बहुधा उलटं होतं.

ठरवायचा क्रम मात्र लोक उलटा धरतात: आधी प्लॅन, मग रेस्टॉरंट. प्लॅन घेतल्याने कुठलंही टेबल राखून मिळत नाही. टेबल आरक्षण मुक्कामाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना त्याच दिवशी पुढच्या १० दिवसांपर्यंतचं करता येतं. ते फ्लोरिडात सकाळी ६ ला खुलं होतं, म्हणजे भारतातून करत असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. पॅकेजचे संपूर्ण पैसे मात्र ३० दिवस आधी भरायचे असतात. मधला महिना तुमचा. आधी आरक्षणं करा, किती पात्र-बुफे हाताला लागले ते मोजा, डिस्नेच्या अॅपमधल्या मेनूवरून घरातला प्रत्येकजण काय मागवेल ते कागदावर मांडा, आणि मग प्लॅन जोडायचा की नाही ते बघा. लोकप्रिय ठिकाणं मिळालीच नाहीत तर टेबलवाल्या प्लॅनची गरज तिथेच संपते. बाहेरचं खाणं पार्कमध्ये न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची भांडी आणि सुटा बर्फ चालत नाही. मुलांच्या अधल्यामधल्या भुकेचा प्रश्न त्यात सुटतो.

आता तुमचा प्रश्न. प्लॅन घ्यायचा तर एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना आणि सगळ्या रात्रींसाठी तोच प्लॅन घ्यावा लागतो. पण सहा जणांना बहुधा दोन खोल्या लागतीलच. सासू-सासऱ्यांची खोली वेगळ्या आरक्षणावर, प्लॅनशिवाय घ्या. त्यांचे रात्रीला १८८.५६, सहा रात्रींचे ११३१.३६ डॉलर वाचतील. त्यात दोन शाकाहारी माणसं मेनूवरून मनाप्रमाणे मागवून, टिप देऊन आणि बुफेलाही तुमच्यासोबत बसून आरामात जेवतील. तुमच्या चौघांच्या खोलीवर टेबलवाला प्लॅन घ्या, पण तीन पात्र-बुफे हातात आले तरच. नाहीतर तिथेही नको. क्विक सर्व्हिस प्लॅनचा तुम्हाला उपयोग दिसत नाही, कारण मुलांचा फायदा टेबलावर होतो, काउंटरवर नाही.

काही गोष्टी तिथे गेल्यावर सांभाळा. क्रेडिट त्या आरक्षणातल्या माणसांसाठीच असतात, तेव्हा सासूबाईंचं ताट तुमच्या क्रेडिटवर घालायच्या भरवशावर राहू नका. बसल्या बसल्या वेटरला दोन वेगळी बिलं करायला सांगा. सहा जणांच्या टेबलावर १८ टक्के टिप आपोआप लागते, म्हणून सही करताना त्या रकमेवर वरून आणखी टिप लिहीत नाही ना, ते बघा. आणि अॅपवरून काउंटरचं जेवण मागवताना पैसे कशातून जाणार तिथे डायनिंग प्लॅन निवडलाय याची खात्री करून मगच ऑर्डर पाठवा. नाहीतर क्रेडिट तसंच राहतं आणि पैसे कार्डातून जातात.