ओटो विख्तर्ले यांचा उल्लेख हवा होता
कॉन्टॅक्ट लेन्सवरील आपला लेख अभ्यासपूर्ण आहे, मात्र मऊ लेन्सचा इतिहास थेट १९७१ च्या अमेरिकी मान्यतेपासून सुरू करणे मला पटले नाही. प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात, मुलांच्या मेर्कुर या जोडणी-खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून, फिरत्या साच्यात हायड्रोजेलची (पाणी शोषून मऊ राहणाऱ्या पदार्थाची) लेन्स घडवणारे यंत्र घरातच उभारले, आणि त्यामुळेच अशा लेन्स मोठ्या संख्येने बनवणे शक्य झाले. त्याआधीच्या काचेच्या व कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून प्राणवायू आरपार जात नसे; कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) रक्तवाहिन्या नसल्याने प्राणवायू मुख्यतः हवेतूनच मिळतो, हे मूळ कारणही लेखात यायला हवे होते. पुण्याच्या धुळीत दुचाकी चालवणाऱ्या आम्हा वाचकांसाठी, लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नयेत, एवढी सूचना कृपया जोडावी.