ओनोंडागा तळ्याचा सगळा गाळ उपसलेला नाही

‘अमेरिकेने ओनोंडागा तळ्यातला विषारी गाळ पूर्ण उपसला, आता तिथले मासे बिनधास्त खा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळच्या या तळ्यात रासायनिक कारखान्यातून वर्षानुवर्षं पारा गेला. १९७० मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. २०१२ ते २०१४ मध्ये सुमारे २२ लाख घनयार्ड गाळ ड्रेजरने खेचला, पाइपातून काही मैल लांब नेला आणि भल्यामोठ्या कापडी नळ्यांत भरून निथळवला. पण बराच गाळ वाळू-खडीचा थर देऊन जागेवरच झाकलाय. खोल तळाशी पाऱ्याचं जास्त घातक मिथाइल रूप तयार होऊ नये म्हणून नायट्रेट सोडतात.

पाणी खरंच सुधारलंय, मनापासून आनंद आहे. मासे खाण्याबाबतच्या आरोग्य सूचना मात्र उठलेल्या नाहीत. सिरॅक्यूजला शिकायला गेलेल्या मुलांना तो चुकीचा मेसेज कृपया पाठवू नका.