खुलासा : वनआच्छादन वाढलं म्हणजे जंगल वाढलं असं नव्हे

'सरकारी अहवालात वनआच्छादन वाढलंय, म्हणजे जंगलतोडीची ओरड खोटी' असा मेसेज फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहचित्रांवरून मोजणी करते. किमान १ हेक्टर जमीन आणि झाडांचं छत्र १० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनआच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे बघत नाहीत. त्यामुळे हापूसची कलमं, काजू, रबर सगळं त्यात येतं. कोकणात ऐन-किंजळ या जंगली झाडांचं रान नुसतं तोडलं तर बुंध्याला पावसात पुन्हा फुटवे येतात. पण बागेसाठी जेसीबीने मुळं उपटली की ते फुटणंही संपतं. कलमं वाढली की आकडा मात्र भरून निघतो.

अहवालात ७० टक्के व त्यावरील छत्र असलेल्या 'अतिघनदाट' वनाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. सुरुवातीला दिलेला तो चुकीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.