सिंगापूर सोडतो, जपान नाही सोडणार

काका (35 वर्षं धायरीत काढलीत म्हणता, म्हणजे काकाच), पुण्याने शहर आखणं सिंगापूर-जपानकडून शिकावं, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "चार दिवस सिंगापूर फिरून आलं की सगळ्यांना पुणं सुधारायचं असतं, इथे एका सातबाऱ्यावर बावीस नावं असतात" हे वाचून आधी हसलो, मग जरा झोंबलंही.

सिंगापूरचं तुमचं बरोबर आहे. तिथे जवळपास 80 टक्के लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात असं मी कौतुकाने लिहिलं, पण 1966 चा कायदा करून सरकारने जमिनी स्वस्तात घेतल्या म्हणून ते जमलं, हे लिहायचं राहिलंच. वर घर 99 वर्षांच्या लीजवर. आपल्याकडे हे कोणी नुसतं बोलून दाखवावं!

पण जपानला तुम्ही त्याच पोत्यात घातलंत ते नाही पटलं. तिथे जमिनीची फेरमांडणी करायची जी पद्धत आहे तिच्यात जमीन काढून घेत नाहीत, सगळ्यांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करतात, रस्त्या-बागेसाठी प्रत्येकाचा थोडा थोडा कापतात आणि उरलेले सरळ प्लॉट पाडून त्याच मालकांना परत देतात, म्हणजे जागा घटते पण रस्त्याला लागते म्हणून भाव चढतो. मालकांनीच संघ करून करायचं तर दोन तृतीयांश संमती लागते, एकट्याने अडवून भागत नाही. 1923 च्या भूकंपानंतर जळालेलं टोकियो बरंचसं असंच आखलं.

आणि हे परदेशी तरी कुठे हो? आपल्या मुंबई इलाख्यात 1915 च्या कायद्यात होतंच, टीपी स्कीम (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना योजना) म्हणून. अहमदाबादने ते धरून ठेवलं, आपण डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) रस्त्याची रेघ मारून जागा ताब्यात यायची वाट बघत बसलो. पुण्यातल्याच मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र केल्या, सातबारे तिथेही होतेच की.

आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता कागदावर 12 मीटर, प्रत्यक्षात पेरूच्या बागेच्या तारेपाशी संपतो, रोज सकाळी टँकर रिव्हर्स येतो आणि वॉचमन इंटरकॉमवर "गाडी काढा" करत बसतो. सगळे बागवाल्याला शिव्या घालतात, मीही घालायचो. परवा त्याला विचारलं तर म्हणाला, "रस्ता सगळ्यांना, मग जमीन माझ्याच एकट्याची का?" आमच्या बिल्डिंगच्या प्लॉटमधून त्या रस्त्याला एक फूटही गेलेला नाही, त्यामुळे मी गप्प बसून दोन किलो पेरू घेऊन आलो.