ट्रम्पची सही आणि आपला जीआर

सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना नोकरीत भेदभाव करायला मनाई करणारा ११२४६ क्रमांकाचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी रद्द केला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. नाशिकचे दादा खूश: "बघा, अमेरिकेनेही आरक्षण गुंडाळलं." पुण्यात स्पर्धा परीक्षा देणारी पुतणी त्यांना सुनावत होती, "मोठे काका, तिथे निदान खासगी कंपन्यांना तरी होतं, आपल्याकडे तेही नाही." दोघांचंही अर्धंच बरोबर होतं.

मी व्हर्जिनियात राहतो. इथे केंद्र सरकारच्या कंत्राटांवर पोट असलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात, त्यातलाच मी एक. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या १९६५ च्या त्या आदेशाचं म्हणणं सरळ होतं. सरकारचा पैसा घ्यायचा तर नोकरी देताना वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून भेदभाव करायचा नाही. १९६७ मध्ये त्यात स्त्री-पुरुष भेदाचीही भर पडली. पन्नास माणसं आणि पन्नास हजार डॉलरचं कंत्राट असलं की दरवर्षी लेखी आराखडा करावा लागे. आमच्या एचआरच्या बाईंच्या स्क्रीनवर मी तो पाहिलाय. इंजिनिअर, तंत्रज्ञ, कारकून असे कामाचे गट, प्रत्येकात बायका किती, अल्पसंख्याक किती. शेजारच्या रकान्यात, ते काम करू शकणारी अशी माणसं या भागात किती मिळतात. दोन्हींत मोठी तफावत दिसली की लक्ष्य लिहायचं, आणि जाहिरात कुठे दिली, मुलाखतीला कोणाला बोलावलं, याच्या नोंदी ठेवायच्या. जागा राखून ठेवायला मात्र नियमातच मनाई होती. म्हणजे दादा ज्याला आरक्षण म्हणतात ते हे नव्हे. आणि ज्या कंपनीचा सरकारशी व्यवहार नाही तिला आराखड्याचं बंधन नव्हतं. तिला लागू तो १९६४ चा भेदभावबंदीचा कायदा, जो आजही आहे.

या आदेशाचा धाक फार मोठा होता असं नाही. कंत्राटबंदीपर्यंत प्रकरण क्वचितच जाई. बहुधा समझोता आणि थकलेला पगार, एवढ्यावर मिटे. पण नोंद ठेवावी लागते म्हटल्यावर "आपल्याच कॉलेजचा पोरगा आहे, घेऊन टाक" म्हणणारा मॅनेजर जरा दबकतो. त्यात आपले देशी मॅनेजरही आले. (जातीचा रकाना त्या तक्त्यात कधीच नव्हता. आम्ही सगळे 'एशियन'.)

साठ वर्षांचा हा डोलारा एका सहीत गेला, कारण तो उभाच एका सहीवर होता. अपंगांसाठीचं १९७३ च्या कायद्यातलं कलम ५०३ आणि माजी सैनिकांसाठीचा १९७४ चा कायदा संसदेने केलेले, म्हणून ते अजून टिकून आहेत. ग्रुपवरच्या भांडणात याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

आता आपल्याकडे बघा. घटनेच्या कलम १६(४) चं आरक्षण सरकारी सेवेला. तेच काम एजन्सीकडे दिलं की बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी यादी, दाराबाहेर राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा महाराष्ट्र सरकारचा जीआर निघाला, पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पुतणीने तेव्हा स्टेटसला गुलाल लावला होता. जीआर गेला, पण रखवालदार, सफाई कामगार, डेटा एंट्रीवाले एजन्सीचे होते ते एजन्सीचेच राहिले.

मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तोही वर्षानुवर्षांच्या कोर्टबाजीनंतर. कचऱ्याच्या गाडीवर बहुतेक सगळे दलित, कुठल्याही आरक्षणाशिवाय. इथला तो रुक्ष तक्ता तिथे लावला तर कोणतं काम कोणाच्या वाट्याला येतं हे एका पानात दिसेल.

म्हणून माझं म्हणणं, सरकारी पैशावर माणसं पुरवणाऱ्या प्रत्येक एजन्सीने वर्षाला असा तक्ता द्यावा. कोणत्या कामावर कोण, पगार किती. बिलासोबत पीएफचं चलन जोडतातच, त्यात आणखी एक कागद. आणि हे विधिमंडळातून कायदा करूनच व्हावं. कर्नाटकाने २०२४ मध्ये बाह्यस्रोत भरतीत आरक्षण आणलं, चांगलंच केलं, पण तेही आदेश काढून.

दादा म्हणाले, "म्हणजे आता ठेकेदारानेही जात विचारायची?" ठेकेदार विचारत नाही, कारण त्याला आधीच माहीत असते. पुतणीची शंका जास्त अवघड होती: पन्नासची मर्यादा घातली तर ठेकेदार बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर एकोणपन्नास-एकोणपन्नासच्या चार एजन्स्या काढेल. बरोबर आहे. तेव्हा मर्यादा माणसांवर नको, वर्क ऑर्डरच्या एकूण रकमेवर ठेवावी, आणि तक्त्याची जबाबदारी ठेकेदाराइतकीच काम देणाऱ्या खात्यावरही टाकावी.