सही केलीत ना? मग ट्रेनिंग झालं!

आज शिफ्ट सुटता सुटता काकांच्या हातात मेमो पडला. 41 शाफ्ट (स्टीलचे गोल दांडे) स्क्रॅप, कारण 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. सोबत पुरावा म्हणून ट्रेनिंगच्या हजेरीची झेरॉक्स. त्यावर काकांची सही!

काका म्हणजे आमच्या लाइनवरचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर काम करणारे. इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजला की पाठमोरे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगतात. आणि हा माणूस निष्काळजी?

त्या ट्रेनिंगची गोष्ट ऐका. नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं, आम्हाला एसीत बसवलं, पाऊण तास स्लाइड दाखवल्या. मशीनला एकाचाही हात लागला नाही. शेवटी कागद फिरवला, सह्या घेतल्या. ऑफसेट (माप कमी-जास्त करायचा आकडा) कुठे टाकायचा ते आम्ही नंतर रात्रपाळीत एकमेकांना विचारून शिकलो. मान्य, आमच्यातलेही दोघे-तिघे मागे बसून मोबाइल बघत होते. बरं, पुढे.

जॉब, म्हणजे तो शाफ्ट, होता 100 मिलीमीटर व्यासाचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 22 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आता स्टील तापलं की फुगतं, एवढ्या व्यासाला दर डिग्रीमागे एक मायक्रॉनहून थोडं जास्तच. ड्रॉइंगवरचं माप असतं 20 डिग्रीचं. मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब 25 डिग्रीने जास्त गरम असला, तर सरळ 28-29 मायक्रॉनचा फरक. म्हणजे सगळा टॉलरन्स खाऊन वर उरला! गरम असताना मायक्रोमीटर 'ओके' दाखवतो आणि सकाळी तोच शाफ्ट अंडरसाइझ. जास्त राहिला तर पुन्हा कट घेता येतो हो, कमी भरलेल्याचं काय करणार?

काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी शेजारीच उभा होतो. "साहेब, दोन जॉब गार करून मोजू, मग ऑफसेट धरू." साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "सायकल टाइम बघा." म्हणजे एका जॉबला किती वेळ लागतो ते.

झालं. त्या तीन शब्दांचे हे 41 शाफ्ट. मेमो कुणाला? काकांना. साहेबांना डिलिव्हरीचं टेन्शन असतं, हेही कळतं मला. पण मग सही साहेबांची का नको?

आणि 'आपली माणसंच तशी' हे तर मला ऐकवूच नका. अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक प्लांट होता. कामगार बेशिस्त म्हणून बदनाम, 1982 साली बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला, बहुतेक कामगार तेच जुने. त्यांच्यातल्या शेकडो जणांना जपानला नेऊन प्रत्यक्ष लाइनवर शिकवलं, आणि गडबड दिसली तर दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क दिला. त्याच हातांनी मग दर्जेदार गाड्या बाहेर पडल्या. आमच्याकडे काकांनी दोन जॉब गार करायला मागितले, तर घड्याळ दाखवलं.

(चिडलोय, दिसतंयच. चहा घेऊन आलो.)

मी ट्रेनी असताना काकांनी मला एकच पिन दहा वेळा मोजायला लावली होती. दहा वेळा दहा मापं आली. ओरडले नाहीत. माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि मायक्रोमीटरचं रॅचेट (टोकाची टकटकणारी कळ) फिरवलं, "टक टक टक... बस, आता सोड. हातानं पिळायचं नसतं." दुपारपर्यंत माझी मापं जुळायला लागली. त्याची कुठे हजेरी नाही, सही नाही.

मेमोखाली खुलाशासाठी दोन ओळी जागा ठेवलीय. सुटल्यावर गेटपाशी काकांनी कागद माझ्याकडे दिला. "तूच लिही रे, तुझं अक्षर बरं आहे. जॉब गरम होता, एवढंच लिही. साहेबांचं नाव नको घालू."

तासभर झाला, कागद समोर आहे. अजून कोराच.