पीडीएफ करायची की परीक्षा द्यायची?

लग्नपत्रिका तयार, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि छपाईची पीडीएफ करायला एक्स्पोर्ट दाबलं की सॉफ्टवेअरचा पुन्हा तोच प्रश्नांचा डोंगर! पीडीएफचा प्रकार कोणता, एक्स-१ए की एक्स-४? फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) की कमी? ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली कड, ३ मिमी आधीच दिलंय ना, मग परत का विचारता? ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ घ्या, गणपती धुरकट. मोठी ठेवा, फाइल मेलला जोडली जात नाही. रंग पडद्यासाठीच्या आरजीबी पद्धतीतच राहिले की कुंकवाचा लाल छापून विटकरी!

परवा फॉन्ट एम्बेड करायचा, म्हणजे फाइलमध्येच जोडून द्यायचा राहिला. प्रेसमधून प्रूफ आलं तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा! मुलीचे वडील बघतच राहिले. एकदा निवडलेलं लक्षात ठेवायला या सॉफ्टवेअरला काय होतं हो? दर वेळी आम्हीच का जीव मुठीत धरून ओके दाबायचं?